उजेडात बघून घ्या

आत्याचं मॅचिंग चुकत नाही, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. इंदूरच्या सीतलामाता बाजारातल्या मॅचिंग सेंटरवाल्यांनाही ते पाठ आहे. ती दुकानाची पायरी चढली की गादीवरचा माणूस न विचारता चार ठाणं जास्तीची खाली काढतो. साडीचा पदर ठाणावर टाकायचा, डोळे बारीक करायचे, मान तिरपी करायची आणि मग ठाण काखेत मारून थेट बाहेर, उन्हात. ट्यूबलाइटखाली जमलेला रंग उन्हात फाटतो, हे तिचं जुनं म्हणणं. दुकानदार वाद घालत नाही. उलट तोच म्हणतो, "धूप में देख लो, भाभीजी." यंदा ताईच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी तिनं जांभळी माहेश्वरी घेतली. उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा, चटाईची किनार, अंगभर बारीक चौकडा. त्यावर सुती ब्लाउजपीस. पायरीवर दोन्ही शेजारी धरली तर साडी कुठं संपते नि कापड कुठं सुरू होतं ते कळू नये, इतकं चोख. मी तिथंच फोनवर फोटो काढला आणि ताईला पुण्याला धाडला. आम्ही बाजारातून बाहेर पडायच्या आत तिचं उत्तर हजर: "साडी झकास. पण आत्या, ब्लाउज निळा का घेतलास गं?"

आत्यानं फोन माझ्या हातातून ओढूनच घेतला. फोटोत ब्लाउज खरोखरच निळा होता. साडी जांभळी, कापड निळं, आणि दोन्ही तिच्या मांडीवर शेजारी शेजारी, एकाच रंगाची. ती एकदा पडद्याकडे बघे, एकदा मांडीकडे. मग म्हणाली, "तुझा फोन बिघडलाय." संध्याकाळी मामेभाऊ, आमचा दादा, आला. दादा लग्नाचे फोटो काढतो, त्याच्याकडे मोटरसायकलच्या किमतीचा कॅमेरा असतो. त्यानं गच्चीवर, सावलीत, पांढरा कागद वगैरे धरून रीतसर फोटो घेतला. निळेपणा जरा कमी झाला, पण गेला नाही. आत्यानं निकाल दिला: "दोन्ही बिघडलेत."

तिचा तो निकाल माझ्या डोक्यातून जाईना. बिघाड नाही, हे मला ठाऊक होतं. पण बिघाड नाही म्हणजे नक्की काय आहे, हे तिला सांगायला बसले तेव्हा लक्षात आलं, की जे सांगायचंय ते बिघाडापेक्षा काही फारसं चांगलं नाही.

कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाही. मुळात हीच गोष्ट माणसाला पटायला जड जाते. सिलिकॉनच्या चकतीवर लाखो बारीक चौकटी असतात. चौकटीत प्रकाशाचा कण पडला, म्हणजे फोटॉन, की एक इलेक्ट्रॉन सुटतो. फोटो काढून झाला की प्रत्येक चौकटीतले इलेक्ट्रॉन मोजायचे. संपलं. तांबडा फोटॉन असो की हिरवा, सुटणारा इलेक्ट्रॉन तोच आणि तसाच. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनियरनं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, त्यात अशा १०,००० चौकटी होत्या, चित्र कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागत आणि चित्र अर्थातच काळंपांढरं. त्याच कंपनीतल्या ब्राइस बेयरनं रंगाची युक्ती काढली, तिचं पेटंट १९७६चं. प्रत्येक चौकटीवर एक रंगीत काच बसवायची. चारातल्या दोघींवर हिरवी, एकीवर तांबडी, एकीवर निळी. हिरव्या दोन अशासाठी, की बारीकसारीक उजेडसावली आपला डोळा मुख्यतः त्याच पट्ट्यातून टिपतो. पन्नास वर्षं होत आली, तरी आत्याच्या शेजारणीच्या साध्या फोनपासून दादाच्या कॅमेऱ्यापर्यंत जवळपास सगळीकडे हीच जाळी आहे. तिचा हिशेब मात्र कुणी दुकानात सांगत नाही. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणून आपण जो घेतो त्यात तांबडं बघणाऱ्या चौकटी साठ लाख, निळं बघणाऱ्या साठ लाख, हिरवं बघणाऱ्या एक कोटी वीस लाख. उरलेलं, म्हणजे चित्रातल्या रंगाच्या आकड्यांपैकी दोन तृतीयांश, शेजारच्या चौकटी बघून भरलेलं असतं. अंदाजपंचे नव्हे, फार हुशारीनं. पण भरलेलं.

यावर कुणी म्हणेल, की डोळा तरी कुठं सगळं मोजतो? खरं आहे. पण डोळ्याच्या तीन प्रकारच्या पेशी आणि कॅमेऱ्याच्या तीन काचा यांची आवडनिवड जुळत नाही, घोळ तिथं आहे. रॉबर्ट लूथर यांनी १९२७ सालीच, म्हणजे सेन्सरचं नावही नव्हतं तेव्हा, अट मांडून ठेवली होती: यंत्राला माणसाच्या डोळ्यासारखे रंग ओळखायचे तर त्याच्या तिन्ही काचांची संवेदना डोळ्याच्या संवेदनांच्या बेरीज-वजाबाकीतून तंतोतंत निघाली पाहिजे. बाजारातला एकही नेहमीचा कॅमेरा ती अट पुरती पाळत नाही. तशा काचा बनवायच्या तर त्या एकमेकींवर फार सरकलेल्या हव्यात, आणि मग रंग वेगळे काढताना चित्रात खर, म्हणजे दाणेदारपणा, फार येते. म्हणून तडजोड करतात. त्या तडजोडीत सगळ्यांत आधी बळी जातो तो जांभळा. जांभळ्या टोकाच्या प्रकाशाला आपला डोळा थोडंसं तांबडेपणाचं उत्तरही देतो, म्हणून तो आपल्याला निळ्याहून वेगळा भासतो. कॅमेऱ्याची तांबडी काच तिथं बहुधा गप्प बसते. जांभळा निळ्यात जमा.

मग साडी का नाही निळी झाली? तिचं जांभळं वेगळ्या रंगद्रव्यांचं होतं, म्हणून. रेशमावर एक डाय चढतो, सुतावर दुसरा. एकानं तांबडं नि निळं परतवून जांभळं केलं, दुसऱ्यानं वेगळ्याच वाटेनं. आत्याच्या डोळ्यानं दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचताना पाहिल्या, कॅमेऱ्यानं दोन ठिकाणी. म्हणजे आत्या बरोबर, ताईला जे दिसलं तेही पडद्यावर होतंच, आणि मधल्या यंत्रानं आपलं काम चोख केलं. हे सगळं मी समजावून सांगितलं. आत्या म्हणाली, "मग त्याला कळत नाही तर त्यानं तसं सांगावं ना. निळं म्हणून ठोकून कशाला द्यायचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कापडानं महागड्या कॅमेऱ्यांना उघडं पाडल्याची गोष्ट नवी नाही. २००६ साली लायकाचा एम-८ आला. नाव मोठं, किंमत त्याहून मोठी. लोकांनी लग्नासमारंभांत काळे सूट घातलेल्या माणसांचे फोटो काढले आणि काही सूट मॅजेंटाच्या अंगानं लाल निघाले. कारण सिलिकॉनला आपल्याहून पुष्कळ पुढचं दिसतं. आपला डोळा ७०० नॅनोमीटरच्या आसपास थांबतो, सिलिकॉन ११०० पर्यंत जातं, थेट अवरक्तात. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्यात सेन्सरपुढं अवरक्त अडवणारी काच असते. एम-८मधली ती काच पातळ होती, आणि काही कृत्रिम धाग्यांचं काळं कापड अवरक्त भरभरून परतवतं. कंपनीनं शेवटी गिऱ्हाइकांना लेन्सवर लावायचे फिल्टर फुकट दिले. घरी हा खेळ बघायचा तर टीव्हीचा रिमोट फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावं. बऱ्याच फोनांत रिमोटच्या टोकाचा दिवा फिक्कट जांभळा चमकताना दिसतो. डोळ्यांना तिथं काहीच दिसत नाही. भाच्याला हे दाखवलं तर त्यानं घरातले सगळे रिमोट आणले, एसीचासुद्धा.

चौकड्याची गंमत वेगळी. दादाच्या कॅमेऱ्यातल्या फोटोत रंग जरा सुधारला, पण साडीवर दुसरीच भानगड उपटली. निऱ्यांवरून गुलाबी-हिरवट पट्टे वाहत होते, पेट्रोल पंपावर साचलेल्या पाण्यावर तवंग दिसतो तसे. चित्र मोठं करावं तर पट्टे जागा बदलत, अगदी मोठं केलं तर काही गायब होत, काही पक्के राहत. पक्के राहिलेले ते खरोखर फाइलमध्ये होते. माहेश्वरीचा चौकडा अतिशय बारीक आणि अतिशय नियमित असतो, हातमागावरच्या माणसाचं सगळं कसब त्या नियमितपणात गेलेलं. सेन्सरची जाळीही नियमित. दोन नियमित जाळ्या एकमेकींवर जवळपास सारख्या मापानं पडल्या की तिसरीच नक्षी उमटते. त्यातून तांबड्या नि निळ्या चौकटी विरळ, म्हणून त्या नक्षीला न मागता रंगही मिळतो. एका रेघेसाठी, तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेसकट, निदान दोन चौकटी हव्यात, त्याहून बारीक रेघ आली तर जाळी ती चुकीची वाचते. हा नियम मोडता येत नाही, फार तर टाळता येतो. पूर्वी सेन्सरपुढं मुद्दाम एक थर बसवत, जो प्रत्येक किरण जरासा चारीकडे पसरवी. चित्र थोडं मऊ होई, पण नक्षीचं भूत उतरे. २०१२ साली निकॉननं ३६ मेगापिक्सेलचा एकच कॅमेरा दोन रूपांत काढला, डी-८०० आणि त्याचाच भाऊ डी-८००ई. भावात त्या थराचा परिणाम काढून टाकलेला. लोक धारदार चित्रासाठी भावाकडे वळले, आणि हल्ली तो थर नसणं हीच मिरवायची गोष्ट झाली आहे. दादाचा इलाज साधा. नवरीच्या मावश्या बारीक चौकड्यात आल्या की तो दोन पावलं मागे सरकतो, नाहीतर पुढे. "चौकड्यानं जागा सोडली पाहिजे, नाहीतर आपण सोडायची." हे तो कुठं शिकला नाही. राजेंद्रनगरातल्या मंगल कार्यालयांत मार खाऊन शिकला.

रंगाचं पुराण लावलंच आहे, तर इंदूरात राहून रंगपंचमी टाळता यायची नाही. गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवशी राजवाड्यासमोर गुलालाचे लोट उडतात, दुसऱ्यातिसऱ्या मजल्यावरच्या माणसांच्या भुवया गुलाबी होतात. तो लोट डोळ्यांना भरीव दिसतो. आत वळणं असतात, उन्हाच्या बाजूला केशरी कड, पोटात काळपट किरमिजी, मधूनच कुणाचा तरी हात. फोटोत बघावं तर गुलाबी कागद कापून चिकटवलेला. तांबड्या काचेखालच्या चौकटी इलेक्ट्रॉनांनी काठोकाठ भरून गेलेल्या असतात, हिरव्या निम्म्यासुद्धा भरलेल्या नसतात. चौकट भरली की त्यानंतर कितीही फोटॉन येवोत, आकडा तोच. लोटातली वळणं म्हणजे तांबड्याचाच कमीजास्तपणा, आणि तांबडं तर एकाच आकड्यावर थिजलेलं. कॅमेऱ्याचं मीटर सरासरी बघतं, त्याला सगळं आलबेल वाटतं. दादा गेरमध्ये मुद्दाम चित्र काळोखं घेतो, लोक त्याला म्हणतात, भिया, फोटो अंधेरे में क्यों ले रहा है. राजवाड्याच्या रोषणाईत याचंच निळं भावंड भेटतं. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, आणि लाकडावर सगळं कोरीव. त्यावर निळ्या एलईडीचा झोत पडला की चारातल्या एकाच चौकटीला काय ते दिसतं, बाकीच्या तिघी जवळपास आंधळ्या. नक्षी पुसल्यासारखी होते. आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ! गिरण्या कधीच्या बंद पडल्या, पण गिरण्यांच्या नावाच्या झांक्या अजून रात्रभर निघतात, लोक संध्याकाळपासून ओट्यांवर जागा धरून बसतात. त्या झगमगाटाचे फोटो काढले की आडवे काळे पट्टे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, साधे दिवे त्यामुळं सेकंदाला शंभरदा मिटतात नि उघडतात. डोळ्याला ते कळत नाही. सेन्सर मात्र वरपासून खालपर्यंत एकेक ओळ करत वाचतो, दिवा मिटलेला असताना जी ओळ वाचली ती काळी. शटर एक शंभरांश सेकंदावर नेलं की पट्टे बहुतेक मावळतात, आणि मग झांकीतला फिरता हनुमान हललेला येतो. यातलं काहीतरी एक पत्करा.

या सगळ्या खोड्या माणसानं केलेल्या तडजोडींच्या आहेत. त्या उद्या-परवा सुधारतीलही. तीन रंग तीन थरांत टिपणारा सेन्सर फोव्हिऑननं काढलाच होता, २००२ साली सिग्माच्या कॅमेऱ्यात आलाही, त्याला बेयरची जाळी लागत नव्हती. कमी उजेडात तो हाल करी आणि मागं पडला, पण विचार मेलेला नाही. मला जी गोष्ट जास्त छळते ती सुधारण्यातली नाही.

मल्हारगंजाच्या आतल्या गल्लीत आमचा जुना वाडा आहे. आहे म्हणजे मागचा अर्धा आहे, पुढची ओसरी रस्ता रुंद करताना गेली. उरलेलाही आता उतरवायचा ठरलं, तेव्हा मी एका दुपारी माजघराचे फोटो काढायला गेले. माजघराला खिडकी नाही. दिवसाही दिवा लावल्याशिवाय तिथं सुई सापडायची नाही. दार लोटलं तर चौकातून एक तिरपी फट आत यायची, ती फरशीवरून पाट ठेवायच्या कोनाड्यापर्यंत जायची आणि तिथं विरायची. वास अजून तोच होता, राखुंडी, जुनं लाकूड आणि कुठंतरी मुरलेलं लोणचं. लहानपणी मी त्या खोलीला घाबरत असे आणि उन्हाळ्यात तिथंच पालथी पडून राहत असे. मी दिवा लावला नाही. आधी फोननं फोटो घेतला, मग दादाकडून आणलेल्या कॅमेऱ्यानं, तिकाटण्याशिवाय, आयएसओ, म्हणजे संवेदनेचा आकडा, वर चढवून. घरी येऊन दोन्ही शेजारी उघडले. फोनवरचं माजघर स्वच्छ, उजळ, मधाळ रंगाचं, भिंती गुळगुळीत. कॅमेऱ्यातलं माजघर काळं, आणि त्या काळ्यात रव्यासारखे तांबडे-निळे दाणे.

शेजारचे काका 'कॅट'मधून निवृत्त झालेत. त्या संस्थेचं नाव राजा रमण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र होऊन कितीतरी वर्षं झाली, पण इंदूरच्या तोंडी अजून कॅटच आहे. तिथं इंडस-१ आणि इंडस-२ ही सिंक्रोट्रॉन यंत्रं आहेत, इलेक्ट्रॉन गोल पळवून त्यांच्यापासून प्रकाश काढणारी, तेव्हा काकांचा जन्म प्रकाश मोजण्यात गेलेला. मी त्यांना दाण्यांचा फोटो दाखवला आणि म्हटलं, बघा, एवढा महाग कॅमेरा आणि ही खर. त्यांनी चष्मा कपाळावर सारला. "ही कॅमेऱ्याची नाही. ही प्रकाशाची आहे." मग त्यांनी पंगत मांडली. लग्नाला शंभर पानं धरली तर येणारे नेमके शंभर कधी येत नाहीत, नव्वद येतील, एकशेदहा येतील. दहाचा फरक, शेकडा दहा. दहा हजारांचं जेवण असेल तर फरक शंभराचा, शेकडा एक, आचाऱ्याला जाणवणारही नाही. आणि चारच पानं असतील? कधी दोन येतील, कधी सहा. यजमान कितीही चोख असू दे, मोजणारा कितीही चोख असू दे, घोटाळा येणाऱ्यांत आहे. फोटॉन असेच येतात, ज्याचे त्याचे, एकमेकांना न विचारता. सरासरीच्या वर्गमुळाएवढा फरक पडणारच. उन्हात एकेका चौकटीत हजारोंनी फोटॉन येतात, म्हणून आकाश सपाट दिसतं. माजघरात एकेका चौकटीत चार येतात, शेजारच्या चौकटीत सात, तिच्या शेजारी एक. भिंत एकसारखीच आहे, पण तिच्याकडून येणारा प्रकाश एकसारखा नाही. "तुला जे दाणे दिसतायत ना," काका म्हणाले, "ते माजघरातून खरंच तसेच आले."

मी विचारलं, पुढं कधी सुधारेल का हे. ते हसले. आजचा चांगला सेन्सर त्याच्यापर्यंत पोचलेल्या फोटॉनांपैकी निम्म्याहून जास्त टिपतो. दुर्बिणींवरचे खास थंड ठेवलेले सेन्सर शेकडा नव्वदच्याही वर जातात. जुनी फिल्म शेकड्यात मोजकेच टिपत असे, त्यामुळं आजवर पुष्कळ मजल मारता आली. आता शंभरापैकी शंभर टिपले तरी दुप्पटसुद्धा व्हायचं नाही, आणि शंभराला एकशेएक कुठून आणणार. बेयरच्या रंगीत काचा मात्र अजून आलेल्या उजेडातला बराचसा दारातच अडवतात, तिथं थोडी जागा आहे. बाकी एकच मार्ग, जास्त उजेड गोळा करायचा. मोठी काच, मोठा सेन्सर, नाहीतर जास्त वेळ. मेगापिक्सेल वाढवून यातलं काही होत नाही. २०२१ साली २०० मेगापिक्सेलचा फोनचा सेन्सर जाहीर झाला, त्यातली चौकट ०.६४ मायक्रॉनची. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबीच सुमारे ०.५५ मायक्रॉन. फोनच्या लेन्समधून आलेला एक बिंदू प्रकाशाच्या स्वभावानंच दोन-अडीच मायक्रॉनांचा ठिपका होऊन पडतो, म्हणजे अशा कितीतरी चौकटींवर एकदम. म्हणूनच तो फोन बहुतेक वेळा सोळा सोळा चौकटींची एक करून साडेबारा मेगापिक्सेलचं चित्र देतो. जाहिरातीत मात्र २००.

मग फोनमधलं माजघर एवढं उजळ कसं? तो लबाडी करतो असं मी म्हणणार होते, काकांनी अडवलं. फोन भराभर बरेच फोटो घेतो, हात हलला तेवढं सरकवून एकावर एक बसवतो आणि सरासरी काढतो. नऊ चित्रांच्या सरासरीत खर एक तृतीयांश होते, हा प्रामाणिक हिशेब आहे, त्यानं खरोखर जास्त फोटॉन गोळा केले. तिथवर मला मान्य. पण त्याच्यापुढं तो थांबत नाही. उरलेले दाणे तो पुसतो, आणि दाणा कुठला नि भिंतीचा खरखरीतपणा कुठला हे चार फोटॉनांत त्यालाही कळायला मार्ग नाही. आमच्या माजघराच्या भिंतीला चुन्याचे पोपडे आहेत, एका ठिकाणी आजीनं कोळशानं मारलेल्या दुधाच्या हिशेबाच्या रेघा आहेत. बोटानं चाचपल्या तर लागतात, बघायला गेलं तर अर्ध्या दिसतात. फोनच्या चित्रात ती भिंत नुकतीच रंगवून झाल्यासारखी आहे. रेघा नाहीत. जिथं कळलं नाही तिथंही त्यानं काहीतरी उत्तर लिहून ठेवलंय, सुवाच्य अक्षरात. दाण्यांच्या चित्रातही रेघा धड नाहीत, पण तिथं काहीतरी होतं, आपल्याला पुरतं दिसलं नाही, एवढं तरी उरतं. मॅचिंगच्या दुकानातला माणूस बरा. शंका आली की ठाण हातात देऊन पायरी दाखवतो.

दादाशी यावरून माझं बरंच वाजलं. तो म्हणतो, तुम्हा हौशी लोकांना खर आवडते कारण तुम्हाला पैसे घ्यायचे नसतात. मांडवात रात्री साडेअकराच्या मुहूर्ताला त्याच्या कॅमेऱ्यातही दाणे येतातच, ते पुसायचं सॉफ्टवेअर त्यानं विकत घेतलंय. नवरीच्या गालावर रवा सांडलेला अल्बम कुठली सासू घेईल? "तुझ्या फोटॉनांना ॲडव्हान्स मागू का?" पुसताना डोळ्यांखालच्या सुरकुत्याही जातात, हे तो कबूल करतो, आणि आजवर एकाही गिऱ्हाइकानं त्या परत मागितल्या नाहीत, हेही. माझंही धोरण काही सोवळं नाही. पासपोर्टच्या फोटोत मी त्याला पुसू दिलं.

वाडा उतरवायला सुरुवात व्हायच्या आधी मोठ्या काकूला दोन्ही फोटो दाखवायला नेले. लग्न होऊन आली ती थेट त्या माजघरात, दळणकांडण, बाळंतपणं, सगळं तिथंच. मी दाण्यांचा फोटो पुढं केला, म्हटलं, काकू, अगदी असंच दिसायचं ना? तिनं तो लांब धरला, जवळ धरला, मग बाजूला ठेवला. फोनवरचा मात्र बराच वेळ बघत राहिली. कोनाड्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा एवढा खोल होता होय? मी मेली आयुष्यभर चाचपतच पाट काढले." मी रेघांचं सांगितलं, भिंत गुळगुळीत झाल्याचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "असू दे गं. त्या खोलीत उजेड पाडायला कुणी आलं नाही, फोन तरी आला. हाच छापून दे, मोठा."

बारा बाय अठरामध्ये छापला. दादानं लॅमिनेशनचे पैसे घेतले नाहीत, वर विचारलं, तुझ्या त्या रव्याच्या फोटोचं काय करायचं, उडवू? मी म्हटलं, रॉ फाइल, ती कच्ची, न पुसलेली, राहू दे, जागा किती खाते? तो म्हणाला, तीस एमबी. खाऊ दे म्हटलं.